शंभरातले दहा: कॉफी भाजणाऱ्या एका छोट्या व्यवसायाने दिलेला शब्द आणि त्याचा हिशेब

पार्श्वभूमी

दोन भागीदारांनी उभ्या केलेल्या कॉफी भाजणीच्या एका छोट्या व्यवसायाची ही हकीकत आहे. ओळख पटू नये म्हणून जागा, नावं आणि चलन गाळलं आहे. दुसऱ्या वर्षी एक किलो भाजलेली कॉफी किरकोळीत ज्या भावाने जायची तो भाव (कर वगळून) मी १०० धरला आहे आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापात दिले आहेत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला हिशेब पाहायला बोलावलं. त्याआधीचं जे इथे लिहिलं आहे ते त्यांच्या वह्यांतून आणि तोंडून कळलेलं, नंतरचं मी स्वतः पाहिलेलं.

एक भागीदार भाजणी आणि कपिंग (कॉफीची चव पारखणं) सांभाळते, दुसरा विक्री आणि वसुली. जुनं विकत घेतलेलं १२ किलोचं ड्रम यंत्र, मदतीला तीन माणसं, घरपोच पाकिटं मागवणारे नियमित ग्राहक आणि सात कॅफे. किलोच्या हिशेबात साधारण ४० टक्के माल किरकोळीत जायचा, ६० टक्के घाऊक.

पहिल्या पाकिटापासून त्यांनी त्यावर एक ओळ छापली होती: प्रत्येक विक्रीतला १० टक्के हिस्सा मुलांच्या शिक्षणासाठी. पाळीच्या कामामुळे ज्यांचे आईवडील संध्याकाळी घरी नसतात अशा मुलांचे वर्ग चालवणारी एक संस्था त्यांनी निवडली होती. ही ओळ जाहिरातीची युक्ती होती असं मला एकदाही वाटलं नाही. भाजणी पाहणारी भागीदार स्वतः अशाच वर्गात शिकली होती.

हिस्सा नफ्यातून न देता विक्रीतून द्यायचा हे त्यांनी विचार करून ठरवलं होतं. १९८२ साली सुरू झालेली न्यूमन्स ओन ही खाद्यपदार्थांची कंपनी सगळा नफा सत्कार्याला देते, हे त्यांना ठाऊक होतं. पण नफा किती दाखवायचा हे बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं: स्वतःचा पगार वाढवला, नवं यंत्र घेतलं की नफा आटतो. विक्रीचा आकडा असा हलवता येत नाही. २००२ साली सुरू झालेल्या ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ या उपक्रमात कंपन्या विक्रीवरच हिस्सा देतात, ते त्यांना जास्त प्रामाणिक वाटलं. वाटणं योग्यच होतं. फक्त तिथला आकडा १ आहे आणि आपण १० लिहितोय, यावर दोघांनी एक संध्याकाळसुद्धा घालवली नाही.

अडचण कुठे होती

वहीच्या पहिल्या पानावरचा त्यांचा हिशेब असा होता: कच्च्या बिया २८, पाकीट आणि लेबल ७, गॅस-वीज ३, पोचवणूक ९, कार्डाचं शुल्क २, भाडं आणि पगार २८. बेरीज ७७, उरले २३. त्यातून १० दिले तरी १३ राहतात.

यात एक गोष्ट राहून गेली होती आणि ती राहावी याचं मला आजही नवल वाटतं, कारण भाजणाऱ्याला ती रोज तराजूवर दिसते. कच्च्या बीमध्ये साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. भाजताना तो जवळजवळ सगळा जातो, वर बीचं साल भुसा होऊन उडतं आणि आतले काही घटक वायू होऊन निघून जातात. हलक्या भाजणीत वजन कमी घटतं, गडद भाजणीत २० टक्क्यांच्या आसपास. यांची सरासरी घट १६ टक्के होती. म्हणजे १०० किलो कच्चा माल घेतला की विकायला ८४ किलो. एक किलो भाजलेल्या कॉफीत कच्च्या मालाचे २८ नव्हे, ३३.३ जात होते. खरी शिल्लक १७.७, हिस्सा दिल्यावर ७.७.

घाऊकीत तर सुरुवातीपासूनच तोटा होता. कॅफेंना किलो ६८ ला दिला जायचा. मोठी पिशवी, कमी पोचवणूक आणि पगार-भाड्याचा थोडा कमी वाटा धरूनही खर्च ६३.३ येत होता. उरले ४.७, आणि विक्रीचे १० टक्के म्हणजे ६.८ दान. कॅफेला विकलेल्या प्रत्येक किलोमागे २.१ खिशातून जात होते. किरकोळीतलं सुख घाऊकीतलं दुःख झाकत होतं आणि दोन्हींचा हिशेब एकाच रकान्यात असल्यामुळे ते दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षी बाजार उसळला. २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, आणि अरेबिका या कॉफीच्या जातीच्या वायदे बाजाराने १९७७ चा उच्चांक त्या डिसेंबरात मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेला. हे दोघं आयातदाराकडून दर दोन महिन्यांनी लागेल तेवढ्या गोणी चालू भावाने घेत होते. पुढचा माल आधी बांधून ठेवलेला नव्हता. कच्च्या बिया २८ वरून ५० वर गेल्या. घट धरून किलोमागे ५९.५.

त्यांनी किरकोळ भाव ११८ केला आणि आता जमेल असं धरलं. खर्च आला १०८.९, उरले ९.१. पण हिस्सा विक्रीवर असल्यामुळे तोही १० वरून ११.८ झाला. शिल्लक उणे २.७.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथेच आहे. कच्चा माल महागला म्हणून भाव वाढवला, तर वाढलेला भाव जवळजवळ सगळा मालाच्या बिलात जातो. भाजणाऱ्याच्या हाती काही जास्त येत नाही. विक्रीवरचा हिस्सा मात्र वाढीव भावावर मोजला जातो. म्हणजे गाठीशी कमी उरत असताना देणं वाढतं.

शब्द मोडण्याचा क्षण

हिस्सा दर तिमाहीला दिला जायचा आणि तोवर तो नेहमीच्याच खात्यात पडून असायचा. आयातदाराला पैसे माल उचलताना द्यावे लागत, कॅफेंकडून मात्र ४५ दिवसांनी येत, तेही बोलून बोलून. त्या तिमाहीत गोणी सोडवायला रोकड कमी पडली आणि संस्थेसाठी जमलेली रक्कम बियांवर खर्च झाली. कोणी बसून ठरवलं नव्हतं. खात्यात पैसे दिसले, बिल भरलं गेलं.

ठरलेली तारीख गेली. संस्थेने विचारल्यावर विक्री पाहणाऱ्या भागीदाराने कळवलं की हिशेबाच्या कामामुळे थोडा उशीर होतोय. दोन महिने हेच उत्तर गेलं. या रकमेच्या भरवशावर संस्थेने एक शिक्षिका आठवड्यातले पाच दिवस नेमली होती, हे दोघांनाही माहीत होतं. मला बोलावलं तेव्हा तिसरं पत्र तयार होतं, त्यात ‘तांत्रिक कारणांमुळे’ असे शब्द होते. ते पाठवू नका, एवढाच माझा पहिला सल्ला होता.

ग्राहकाने पाकीट घेताना जे दहा दिले ते व्यवसायाचे नव्हतेच, व्यवसाय फक्त पोचवणारा होता. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. भाजणी पाहणारी भागीदार बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मुलांच्या पैशांनी आपण गोणी आणल्या.” तिच्या या वाक्यानंतर चर्चा वेगळ्या जागेवरून सुरू झाली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कर्जाचा. १० टक्के तसेच ठेवायचे, तूट बँकेकडून भागवायची. विक्री पाहणाऱ्याचा कल इकडे होता, कारण त्यात कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. पण प्रत्येक किलोला तोटा असताना कर्ज काढणं म्हणजे तोच तोटा व्याजासकट पुढे ढकलणं. बाजार कधी उतरेल हे कोणाच्याही हातात नव्हतं.

दुसरा पर्याय माल स्वस्त करण्याचा. मिश्रणात रोबस्टा (कॉफीची एरवी स्वस्त पडणारी जात) वाढवायचा किंवा गेल्या हंगामाच्या बिया घेऊन जरा गडद भाजायच्या. कपिंगच्या टेबलावर हे करून पाहिलं. जुन्या बियांना लाकडासारखी, कागदासारखी चव येते, ती गडद भाजणीत थोडी दबते, पण मग घट वाढते: १६ ची १९ टक्के झाली तर त्याच ५० च्या भावाला किलोमागे ५९.५ ऐवजी ६१.७ पडतात. वाचवलेल्यातलं बरंच धुराड्यातून जातं. रोबस्टाही त्या वर्षी विक्रमी भावाला होता. आणि पाकिटावर तेच नाव ठेवून आतली कॉफी बदलणं दोघांनाही नको होतं. हा पर्याय तासाभरात संपला.

नफ्यातून हिस्सा द्यायचा, हा तिसरा. कागदावर तो सगळ्यात सुरक्षित आहे. पण त्या वर्षी नफा नव्हताच, म्हणजे संस्थेला शून्य. ज्या कारणासाठी त्यांनी सुरुवातीला नफ्याचा आधार नाकारला होता तेही अजून तितकंच खरं होतं.

चौथा, वर्षभर देणं थांबवायचं. हे बोलून दाखवायला दोघंही तयार नव्हते, म्हणून मी बोलले. पर्याय टेबलावर असला की बाकीच्यांची किंमत कळते.

पाचवा पर्याय भाजणी पाहणारीने काढला. फेअरट्रेड या रास्त व्यापाराच्या प्रमाणपत्र व्यवस्थेत शेतकरी संघांना किमतीखेरीज जो प्रीमियम मिळतो तो वजनावर असतो: पाउंडाला २० सेंट, बाजारभाव काहीही असो. आपणही किलोवर का देऊ नये? भाव चढला तरी देणं तेवढंच, उतरला तरी तेवढंच, आणि मोजायला तराजू पुरेसा. मला हा विचार फार आवडला, कारण विक्रीच्या आधारातली सचोटी त्यात टिकते आणि बाजाराचं उधाण बाहेर राहतं.

एक प्रश्न मात्र यादीत बसत नव्हता आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. २००१ साली हाच भाव पाउंडाला ५० सेंटच्या खाली होता. तेव्हा असंख्य शेतकऱ्यांचा उत्पादनखर्चही सुटला नव्हता. ज्यांच्या झाडांवर पीक उरलं आहे त्यांना आत्ता कुठे बरा भाव मिळू लागलाय. त्याला आपण ‘संकट’ म्हणतोय. आपल्या दानाची रक्कम वाचवायला आयातदारावर घासाघीस केली तर तो भार शेवटी कोणावर जाईल? दोघांनी ठरवलं की कच्च्या मालाच्या भावावर हात घालायचा नाही, जे काही कापायचं ते आपल्या बाजूने.

काय केलं

सगळ्यात आधी फोन. पत्र नाही, फोन, आणि तोही दोघांनी एकत्र बसून. थकलेली रक्कम किती, ती कुठे खर्च झाली, हे जसंच्या तसं सांगितलं. समोरून राग अपेक्षित होता आणि तो आलाही. पण संस्थेच्या प्रमुखांनी शेवटी जे मागितलं ते साधं होतं: “रक्कम कमी असली तरी आम्ही बसवून घेऊ. तारीख मात्र नक्की सांगा.” थकबाकी तीन हप्त्यांत द्यायची ठरली. त्यासाठी दोन्ही भागीदारांनी स्वतःची उचल निम्मी केली.

मग नवा नियम लिहिला. किरकोळीत विकलेल्या प्रत्येक किलोमागे ८, घाऊकीत २. विक्री म्हणजे काय याचीही व्याख्या लिहिली: परत आलेला माल वजा, चवीसाठी फुकट दिलेली पाकिटं धरायची नाहीत. आधी या बाबतीत दोघांचे अर्थ वेगळे होते. एक जण पोचवणुकीचं शुल्कही विक्रीत धरायचा, दुसरी धरायची नाही. तीन वर्षं कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

आकडेमोड केल्यावर एक कटू गोष्ट समोर आली. जुन्या भावात १०० किलो मालामागे संस्थेला ८०८ मिळत होते, नव्या नियमाने ४४० मिळणार. म्हणजे जवळपास निम्मे. म्हणून पहिल्या १२ महिन्यांसाठी किमान रक्कम बांधून दिली: आदल्या वर्षीच्या ६० टक्के, दर महिन्याला सारखी, किलो कमी भरले तरी. हे सगळं लेखी करारात घातलं. असा करार चांगला रिवाज तर आहेच, पण काही देशांत तो कायद्यानेच लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थेच्या नावावर माल विकणाऱ्याला १९९२ च्या कायद्यानुसार संस्थेशी लेखी करार करावा लागतो आणि ग्राहकालाही हिस्सा सांगावा लागतो. असा व्यवसाय काढणाऱ्याने आपल्याकडचा नियम आधी विचारून घ्यावा.

वेगळं खातं उघडलं. दर सोमवारी गेल्या आठवड्याचे किलो मोजून रक्कम तिकडे वळवायची, आणि त्या खात्यातून संस्थेखेरीज कोणालाही पैसे जाणार नाहीत.

छापलेल्या जुन्या पिशव्यांवरून वाद झाला. विक्री पाहणाऱ्याला वर चिकटपट्टी लावायची होती. भाजणी पाहणारीचं म्हणणं, ज्या पिशवीवर दहा लिहिलंय ती दहानेच विकायची. तिचं ऐकलं. त्या पिशव्या संपायला साडेतीन महिने लागले आणि तेवढा काळ प्रत्येक पाकीट जड गेलं.

किरकोळ भाव दुसऱ्यांदा वाढवून १२४ केला. आता खर्च आणि ८ चा हिस्सा जाऊन साधारण ७ उरतात, म्हणजे पूर्वीच्या ७.७ च्या जवळ. कॅफेंना भाव वाढवून सांगितला आणि उधारी ४५ वरून २१ दिवसांवर आणली. ग्राहकांना एक पानभर पत्र गेलं. त्यात भाव का वाढला, हिस्सा कसा बदलला आणि एका तिमाहीची रक्कम आम्ही उशिरा दिली, हे तिन्ही होतं. तिसऱ्या वाक्याबद्दल विक्री पाहणारा शेवटपर्यंत साशंक होता. मी आग्रह धरला. पहिली दोन सांगून तिसरं लपवलं असतं तर ते पत्र अर्धं खोटं ठरलं असतं.

परिणाम

पहिल्या चार महिन्यांत किरकोळीतली किलो-विक्री ११ टक्क्यांनी घसरली. वर्षअखेरीला ती जुन्या पातळीच्या ४ टक्के खाली येऊन स्थिरावली. सातपैकी दोन कॅफे सोडून गेले, त्यातला एक पाच महिन्यांनी परतला. गेलेला माल तोट्याचाच असल्यामुळे खात्यात रोकड उलट वाढली. थकबाकी तिसऱ्या हप्त्याला पूर्ण फिटली. किमान रकमेला किलो कमी पडले म्हणून वर्षात दोनदा भागीदारांना पदरचे घालावे लागले.

ग्राहकांच्या उत्तरांत रागाची पत्रं थोडी होती. जास्त लोकांनी विचारलं की ८ का, ७ किंवा ९ का नाही. हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण तीन वर्षांत १० का, असं कोणीही विचारलं नव्हतं. आता दर महिन्याला किती किलो विकले हा आकडा संस्थेला जातो आणि किती यायला हवेत ते संस्था स्वतः काढते.

संस्थेच्या बाजूचा परिणाम मात्र मागे घेता येण्यासारखा नाही. शिक्षिकेचे दिवस चार महिने पाचावरून तीनवर आले. नंतर दुसऱ्या देणगीतून ते पुन्हा पाच झाले, पण मधल्या काळात काही मुलं यायची थांबली आणि सगळी परत आली नाहीत. भागीदारांनी ही माहिती स्वतः मागवली आणि ती त्यांच्या वार्षिक हिशेबाच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात लहान आकड्याने व्हायला हवी होती. ३ टक्क्यांनी सुरू करून चांगल्या वर्षानंतर ५ वर जाणं सोपं आहे. १० वरून खाली येताना कोणाचा तरी पगार मध्ये येतो. घाऊकीला पहिल्या दिवसापासून वेगळा दर हवा होता, आणि वेगळं खातं तर पहिल्या पाकिटाच्या आधी. या तीन गोष्टी दोन्ही भागीदार मान्य करतात.

कच्च्या मालाच्या खरेदीबद्दल माझं मत त्यांच्यापेक्षा ठाम आहे. हंगामाच्या सुरुवातीला निदान चार महिन्यांचा माल ठरलेल्या भावाने बांधून घेतला असता तर भाव हळूहळू वाढवायला सवड मिळाली असती. भाव उतरला असता तर नुकसान झालं असतं हे खरं. पण ज्याने दुसऱ्याला दर महिन्याची रक्कम कबूल केली आहे त्याने आपला सगळ्यात मोठा खर्च वाऱ्यावर सोडू नये. भाजणी पाहणारी याला तयार आहे. विक्री पाहणाऱ्याला गोदामात पैसा अडकण्याची भीती वाटते, आणि खेळतं भांडवल पाहता ती अगदीच निराधार नाही.

फोन कधी करायला हवा होता, यावर मात्र तिघांचं एकमत आहे: तारीख चुकण्याच्या आधी, खात्यातल्या आकड्यावरून ती चुकणार असं दिसलं त्याच दिवशी. तेव्हा संस्थेच्या हाती नवा देणगीदार शोधायला दहा आठवडे जास्त मिळाले असते.

किमान रकमेची मुदत आता संपत आली आहे. भाजणी पाहणारीला किलोमागे ९ करायचे आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, आधी संस्थेसाठीच्या वेगळ्या खात्यात तीन महिन्यांच्या रकमेएवढी गंगाजळी साठू दे, मग आकडा वाढवू. संस्थेलाच विचारायचं ठरलं आहे.